सिस्टर नॅन्सीचे पैसे गेले कुठे? (रेगे, डान्सहॉल आणि उसन्या चालींवरच्या कारकिर्दी)

टेपवाला

'बॅम बॅम' तुमच्या कानावरून गेलेलं असणार. नाव आठवत नसेल, पण कुठल्या तरी जाहिरातीत, सिनेमात, नाहीतर कान्ये वेस्टच्या 'फेमस'मध्ये (२०१६) किंवा जे-झीच्या 'बॅम'मध्ये (२०१७) तो आवाज ऐकू येतोच. तो आवाज सिस्टर नॅन्सीचा. खरं नाव ऑफलिन रसेल, गाव जमैकातलं किंग्स्टन. गाणं १९८२चं, 'वन टू' या अल्बममधलं. अल्बमला एक गाणं कमी पडत होतं म्हणून शेवटी घाईघाईत केलेलं.

पुढे बाई अमेरिकेला गेल्या, न्यू जर्सीत एका बँकेत हिशेबाच्या कामाला लागल्या. गाणं जगभर वाजत राहिलं, यांच्या हातात त्यातलं काही पडलं नाही. २०१४ साली टीव्हीवर एका बुटाच्या जाहिरातीत स्वतःचाच आवाज ऐकला तेव्हा मात्र डोक्यात तिडीक गेली आणि त्यांनी वकील गाठला. अखेर मागच्या दहा वर्षांचे पैसे आणि हक्कांतला निम्मा वाटा मिळाला. त्याआधीची तीसेक वर्षं? गेली ती गेली.

आता यात एक निर्माता वाईट, बाकी सगळे भले, अशी गोष्ट रंगवता येईल. मला ती पटत नाही. जमैकाचा सगळा संगीतधंदा ज्या पायावर उभा राहिला, त्यातच हे होणार होतं.

तो पाया म्हणजे रिडिम. ड्रम आणि बेसची एक बांधीव चाल, गाण्यापासून सुटी केलेली. 'बॅम बॅम' ज्यावर आहे त्या रिडिमचं नाव 'स्टॅलॅग'. अ‍ॅन्सेल कॉलिन्सने १९७३ साली निर्माता विन्स्टन रायलीसाठी वाजवलेला एक वाद्यतुकडा, त्यात गायन नाहीच. नऊ वर्षांनी त्यावर नॅन्सी बोलली, बारा वर्षांनी टेनर सॉने त्यावरच 'रिंग द अलार्म' म्हटलं, आणि मध्ये-पुढे आणखी किती जणांनी तो वापरला याची गणती नाही. टेप रायलीकडे. वादकांना त्या दिवसाचे पैसे रोख, गाणाऱ्याला एकरकमी काहीतरी, विषय संपला. देशात १९९३ पर्यंत कॉपीराइटचा कायदा होता तो ब्रिटिशांच्या काळातला, १९११चा. ज्याच्या कपाटात टेप, त्याचं गाणं.

याची सुरुवात बघायची तर यू-रॉय या डीजेकडे जावं लागतं. (इथे 'डीजे' म्हणजे माइकवर बोलणारा, तबकड्या लावतो तो 'सिलेक्टर'. आपल्याकडच्या मिरवणुकीतला डीजे डोळ्यांसमोरून काढून टाका.) साठच्या दशकात तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची गायन कमी केलेली प्रत छापायला लागले. अभियंता किंग टबी अशा प्रती कापायचा, आणि त्याच्या साउंड सिस्टिमवर, म्हणजे नाचासाठी उभारलेल्या फिरत्या स्पीकरच्या संचावर, यू-रॉय मोकळ्या जागांत बोलायचा. नाचणाऱ्यांना चिथवायचं, गायकाच्या ओळीला उत्तर द्यायचं, मध्येच एक किंकाळी. १९७०च्या सुमारास निर्माता ड्यूक रीडने आपल्या जुन्या रॉकस्टेडी (रेगेच्या आधीची शैली) टेपांवर त्याला बोलायला लावलं आणि जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या तिन्ही जागा यू-रॉयने अडवल्या. रीडच्या दृष्टीने विचार करा: टेप तयार, वादकांचा खर्च शून्य, एक माणूस आला, बोलला, गेला. असा व्यवहार कोण सोडेल!

माझ्या मते यलोमॅनची कारकीर्द या सगळ्याचा अर्क आहे. विन्स्टन फॉस्टर. जन्मतः अल्बिनो, आईबापांनी टाकलेला, अनाथाश्रमांत वाढलेला. त्यातच अल्फा बॉइज स्कूल, जिथे नन लोकांनी बँड शिकवून जमैकाचे अर्धेअधिक ब्रासवादक घडवले. त्या काळच्या किंग्स्टनमध्ये असल्या रंगाचा पोरगा म्हणजे रस्त्यावर टिंगलीचा विषय. याने काय केलं, तर मंचावर चढून सांगितलं की सगळ्या बायका माझ्याच मागे आहेत, कारण मी पिवळा आहे. लोक आधी त्याला हसले, मग त्याच्याबरोबर हसले, मग तिकिटं काढायला लागले. १९८२च्या आसपास त्याच्याइतका मोठा माणूस जमैकात दुसरा नव्हता. सीबीएससारख्या बड्या अमेरिकन कंपनीने करार केलेला तो पहिला डान्सहॉल (रेगेतून निघालेली, डीजेंची नाचाची शैली) कलाकार. 'किंग यलोमॅन' १९८४मध्ये आला. मधल्या काळात कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी थोडीच वर्षं हातात दिली, १९८६मध्ये जबड्याची शस्त्रक्रिया होऊन चेहरा एका बाजूने कायमचा बदलला. त्यानंतरही तो गात राहिला, मंचावर उड्या मारत राहिला. ज्या धंद्यात तबकडीचे पैसे हातात येत नाहीत त्यात मंच सोडून चालत नाही, हेही त्यामागे असावं.

आणि मग १९८५. किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात गायक वेन स्मिथ आणि त्याचा मित्र नोएल डेव्ही यांच्या हाती एक कॅसिओ एमटी-४० आला, चिमुकला बॅटरीवरचा कीबोर्ड. त्यातल्या 'रॉक' नावाच्या तयार तालाचं बटण दाबलं की बेस आपोआप वाजतो. निर्माता जॅमीने तो ताल संथ केला, वर थोडा पियानो घातला, स्मिथ गायला, आणि 'अंडर मी स्लेंग टेंग' तयार झालं. २३ फेब्रुवारी १९८५ला ब्लॅक स्कॉर्पिओच्या साउंडविरुद्धच्या क्लॅशमध्ये, म्हणजे दोन साउंड सिस्टिमच्या जुगलबंदीत, जॅमीने ते वाजवलं. त्या रात्रीनंतर बेसवादक-ड्रमवादकांच्या पोटावर पाय आला तो आलाच, कारण आता चालीसाठी त्यांना दिवसाचे पैसेही द्यायची गरज उरली नाही.

गंमत म्हणजे तो ताल कॅसिओसाठी बसवला होता हिरोको ओकुदा या जपानी तरुणीने. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता रेगे! कॅसिओने त्या तालाचे पैसे कुणाकडे मागितले नाहीत. सगळ्या या गोष्टीत मालकी न सांगणारी पार्टी ही एकच.

शेवटचीगाडी

भारी धागा. पण मार्लीचं नावसुद्धा नाही? विठोबाला वगळून वारी काढलीत.

टेपवाला

मुद्दामच. मार्लीची कारकीर्द अपवाद आहे आणि आपण अपवादावरून नियम शिकतो. त्याच्या वेलर्स या गटाने सुरुवात किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्येच केली, 'सिमर डाउन' १९६४चं, तेव्हा तेही इतरांसारखेच एकेका गाण्याच्या पैशावर होते. १९७२-७३ला आयलंड या रेकॉर्ड कंपनीच्या क्रिस ब्लॅकवेलने आगाऊ रक्कम देऊन पूर्ण अल्बम करायला सांगितला, टेपा लंडनला नेऊन 'कॅच अ फायर'वर वेन पर्किन्स या अमेरिकन वादकाची गिटार चढवली, रॉक ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाला रुचेल असं केलं. अल्बम, बँड, दौरा, हा रॉकचा संसार. किंग्स्टनमधल्या बाकीच्यांचा संसार पंचेचाळीसच्या, एकेका गाण्याच्या तबकडीवरच राहिला.

मार्ली १९८१मध्ये गेल्यावर प्रत्येक कंपनी 'पुढचा मार्ली' शोधत फिरली. डेनिस ब्राउन घ्या. बाराएक वर्षांचा असल्यापासून गाणारा, मार्लीचा स्वतःचा लाडका गायक. ऐंशीच्या सुरुवातीला ए अँड एम कंपनीने त्याला अमेरिकेसाठी गुळगुळीत करायला घेतलं. मला त्यातली एकदोन गाणी आवडतात, पण तो डेनिस ब्राउन नाही. तो परत किंग्स्टनच्या निर्मात्यांकडे, जो बोलावेल त्याच्याकडे गात राहिला. १९९९ला वयाच्या ४२व्या वर्षी गेला, आणि सरकारने त्याला नॅशनल हीरोज पार्कमध्ये जागा दिली.

गुहागरी

वाचताना सारखा आमच्याकडचा शक्ती-तुरा डोळ्यांसमोर येत होता. दोन शाहीर समोरासमोर, एक शक्तीवाला, एक तुरेवाला. गण, गवळण झाली की सवाल. चाल बहुतेक वेळा कुठल्या तरी गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याची, शब्द मात्र तिथल्या तिथे समोरच्याचं नाव घेऊन केलेले, मागे कोरस आणि ढोलकी. परळच्या दामोदर हॉलमध्ये तिकीट काढून पब्लिक येतं, आणि कुठल्या शाहिराने कुणाला कसं निरुत्तर केलं हे गावी जाणाऱ्या एसटीत चवीने सांगितलं जातं.

आमच्या वाडीतल्या एका बुवांच्या चारपाच कॅसेटी निघाल्या होत्या. एकेका कॅसेटचे एकदाच पैसे मिळाले, आता त्या यूट्यूबवर कुणीतरी चढवल्यात आणि खाली लाखांत आकडे दिसतात. बुवा मोबाइलवर ते आकडे पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. त्यामुळे नॅन्सीबाईंचं दुखणं मला परकं वाटलं नाही.

चिकित्सक_पेठकर

गुहागरी, छान लिहिलंत. धागाकर्त्यांना मात्र एक शंका. नॅन्सीची 'बॅम बॅम' ही ओळ तरी नॅन्सीची कुठे आहे? टूट्स अँड द मेटल्सचं याच नावाचं गाणं १९६६ला जमैकाच्या पहिल्या फेस्टिव्हल साँग स्पर्धेत जिंकलेलं आहे. म्हणजे चाल कॉलिन्सची, ध्रुवपद टूट्सचं. मग बाईंनी नेमकं काय गमावलं म्हणायचं?

टेपवाला

पेठकर, हा प्रश्न यायलाच हवा होता. ध्रुवपद टूट्सचंच. पण मधली कडवी, तो ठसका, 'मी बाई आहे आणि माइक माझ्या हातात आहे' हा ताठा तिचा. १९८२मध्ये साउंड सिस्टिमच्या माइकवर उभ्या राहणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तिचा भाऊ ब्रिगेडियर जेरी स्वतः नावाजलेला डीजे, तरी तिला ती जागा कुणी आंदण दिली नव्हती. आणि लोक आज चाळीस वर्षांनी सँपल (नव्या गाण्यात वापरायला कापलेला तुकडा) घेतात ते तिच्या आवाजाचं. टूट्सचं रेकॉर्ड कापून घेत नाहीत.

उसनवारीला माझी हरकत नाही, ती काढून घेतली तर हे संगीतच उरत नाही. दहा गायक एकाच रिडिमवर गाणार, ऐकणारा तुलना करणार, त्यातून कोण भारी ते ठरणार, सगळी मजा त्यात. हरकत एवढीच की दहा जण उसनं घेतात आणि कागद एकाच्याच नावावर असतो.

रातराणी_ठाणे

दिवाळी रिडिमबद्दल कुणीच कसं बोललं नाही?? २००३ला आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये शॉन पॉलचं 'गेट बिझी' वाजलं नाही असा कार्यक्रम नव्हता. त्या रिडिमचं नाव 'दिवाळी' आहे हे कळलं तेव्हा मी ते आईला ऐकवलं. ती म्हणाली, "यात कसली गं दिवाळी, नुसत्या टाळ्या वाजतायत."

टेपवाला

मातोश्रींनी बरोबर तेच पकडलं! त्या रिडिमची ओळख म्हणजे त्या टाळ्याच. स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनने २००२च्या सुमारास केलेला. नेहमीच्या डान्सहॉलमध्ये ठोका जिथे जोरात पडतो तिथे इथे टाळ्या तिरक्या, एकमेकींत गुंतलेल्या येतात, आणि खाली बेस जवळजवळ नसल्यासारखा. त्याच एका रिडिमवर शॉन पॉलचं 'गेट बिझी' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, लुमिडीचं 'नेव्हर लीव्ह यू' तिसऱ्या क्रमांकावर, आणि वेन वंडरचं 'नो लेटिंग गो'ही तिथे चांगलं गाजलं. एका उन्हाळ्यात एकच चाल तीन वेगळ्या माणसांच्या नावाने अमेरिकन रेडिओवर, आणि ऐकणाऱ्या बहुतेकांना पत्ता नाही.

शॉन पॉलची गोष्ट जरा वेगळी हेही सांगतो. खात्यापित्या घरचा, जमैकाच्या वॉटरपोलो संघातून खेळलेला. २००२च्या 'डटी रॉक'मागे व्हीपी आणि अटलांटिक अशा दोन कंपन्या होत्या. म्हणजे तोपर्यंत कागदावर नीट सही करून घेण्याचे दिवस आले होते, निदान काहींसाठी.

बर्मिंगहॅमकर

थोडं अवांतर, पण भारताचा धागा इथे जोडतो. गेली बरीच वर्षं या शहरात आहे. इथला हॅंड्सवर्थ भाग म्हणजे कॅरिबियन आणि पंजाबी लोकांची एकत्र वस्ती. स्टील पल्स इथलेच, त्यांच्या १९७८च्या पहिल्या अल्बमच्या नावातच हॅंड्सवर्थ आहे. आणि इथलाच अपाची इंडियन, म्हणजे स्टीव्हन कपूर. पंजाबी घर, पेशाने वेल्डर, डोक्यावर जटा, आसपासच्या साउंड सिस्टिमवर जमैकन बोलीत बोलणारा. १९९०ला 'मूव्ही ओव्हर इंडिया' निघालं तेव्हा दुकानदारांना ते रेगेच्या फळीवर ठेवावं की भांगड्याच्या, कळेना. १९९३ला 'अरेंज्ड मॅरेज' ब्रिटनच्या पहिल्या वीसात, 'बूम शॅक-अ-लॅक' पाचव्या क्रमांकावर. तमिळ 'लव्ह बर्ड्स'मध्ये (१९९६) रहमानबरोबर 'नो प्रॉब्लेम' गायला तोही हाच.

आता यातली खरी मजा. 'अपाची' हे नाव त्याने घेतलं सुपर कॅटवरून, ज्याला 'वाइल्ड अपाची' म्हणायचे. सुपर कॅटचं खरं नाव विल्यम मराघ. आडनावावरूनच लक्षात येईल, भारतीय वंशाचा. १८४५ला 'ब्लंडेल' जहाजातून पहिले भारतीय मजूर जमैकात ओल्ड हार्बर बे इथे उतरले, गिरमिटिये, बहुतेक उत्तर भारतातले. त्यांच्याबरोबर गांजा हा शब्द गेला, चिलीम गेली, आणि कूली हा शब्दही. २००३-०४ला 'कूली डान्स' नावाचा रिडिम गाजला होता. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना तो शब्द कसा लागतो हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

थोडक्यात, मजुराच्या वंशजाचं टोपणनाव किंग्स्टनहून हॅंड्सवर्थच्या पंजाब्याकडे आलं आणि तिथून मद्रासच्या सिनेमात पोचलं. उसनवारीच म्हणायची ही!

सविता_म

सगळे कौतुकात दंग आहात म्हणून कडू बोलते. या मंडळींची गाणी काय सांगतात तेही बघा की. बुजू बॅन्टनचं 'बूम बाय बाय' उघडउघड समलिंगी पुरुषांना गोळ्या घालण्याची भाषा करतं. व्हायब्झ कार्टेल खुनाच्या खटल्यात आत गेला. निन्जामॅनला जन्मठेप झाली. निर्मात्यांनी लुबाडलं म्हणून हळहळायचं आणि यावर गप्प बसायचं?

टेपवाला

सविताताई, गप्प बसायचं नाहीच. 'बूम बाय बाय'चं समर्थन मी कधी केलं नाही, करणारही नाही. निदर्शनं झाली, परदेशातले कार्यक्रम रद्द झाले, वर्षानुवर्षं त्या गाण्याने बुजूचा पिच्छा पुरवला, आणि ते योग्यच झालं. २०१९मध्ये त्याने ते स्वतःच्या गाण्यांतून काढून टाकलं.

पण कारकीर्द म्हणून बघा, कारण धागा तोच आहे. १९९२ला एका वर्षात जमैकात सर्वाधिक पहिल्या क्रमांकांचा मार्लीचा विक्रम मोडणारा पोरगा. तीन वर्षांनी ''टिल शायलो'मध्ये तोच खर्जातला आवाज उपासनेसारखा लागतो. डान्सहॉलमधून एवढं गंभीर काही येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. २००९ला अमेरिकेत कोकेनच्या प्रकरणात अटक. १३ फेब्रुवारी २०११ला ग्रॅमी मिळालं, दुसऱ्या दिवशी खटल्याची दुसरी फेरी सुरू, आणि दहा वर्षांची शिक्षा. डिसेंबर २०१८ला सुटला आणि पुढच्या मार्चमध्ये किंग्स्टनचं नॅशनल स्टेडियम भरलं.

कार्टेलचं याहून विचित्र. २०११ला अटक, २०१४ला दोषी, पण आत असताना त्याची गाणी बाजारात येतच राहिली. 'फीव्हर' (२०१६) ऐन तुरुंगवासातलं. मार्च २०२४मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे जमैकाच्या अंतिम अपील न्यायालयाने, शिक्षा रद्द केली, कारण एका ज्यूरी सदस्यावर इतरांना लाच देऊ केल्याचा आरोप असूनही त्याला ज्यूरीत ठेवलं होतं. खटला पुन्हा चालवायचा नाही असं जमैकाच्या न्यायालयाने जुलैअखेर ठरवलं, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पुन्हा तेच स्टेडियम. हे चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा. मला स्वतःला ती गर्दी बघून आनंदही झाला नाही आणि आश्चर्यही वाटलं नाही.

आणि उलट दिशेने गेलेलीही आहे एक. लेडी सॉ. अश्लील गाण्यांची राणी म्हणून वीसेक वर्षं मिरवली, नो डाउट या अमेरिकन बँडबरोबरच्या गाण्यासाठी ग्रॅमी घेतलं, आणि २०१५ला बाप्तिस्मा घेऊन सगळं सोडलं. आता मॅरियन हॉल या नावाने धर्मोपदेश करतात.

सविता_म

मॅरियन हॉलबद्दल माहीत नव्हतं. बाकी आपले मतभेद राहू देत.

शेवटचीगाडी

मग हे लोक पोट भरतात कशावर? तबकडीचे पैसे नाहीत, निर्माता दाद देत नाही...

टेपवाला

मंच, आणि डबप्लेट. साउंड सिस्टिमवाला गायकाकडे जातो, रोख पैसे मोजतो, आणि गायक आपलंच गाजलेलं गाणं नव्याने म्हणतो, शब्दांत त्या साउंडचं नाव आणि प्रतिस्पर्ध्याची खिल्ली घालून. पूर्वी हे अ‍ॅसिटेटच्या तबकडीवर कापायचे. मऊ लाखेसारखा थर, सुई फिरली की खाच झिजते, काही डझन वेळा वाजवली की खरखर सुरू. म्हणून सिलेक्टर ती जपून, ऐन क्लॅशच्या निर्णायक क्षणी बाहेर काढतो. आता फाइल ई-मेलने येते, पण व्यवहार तोच. जुन्या गायकांचं म्हातारपण यावर निघालंय. यात मधला निर्माता नाही, पैसे थेट गायकाच्या हातात, हे लक्षात घ्या.

किनारा_पेडणे

गोव्यात २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश भरतं, दिल्लीच्या रेगे राजाज मंडळींनी सुरू केलेलं. एका वर्षी गेलो होतो. मी आपला मंचासमोर उभा, तर एका जाणकार पोराने दंडाला धरून बाजूच्या स्पीकरच्या रांगेसमोर नेलं. म्हणाला, "गाणारा बघू नको, इथे उभा रहा." शर्टाची बटणं हलत होती. तोपर्यंत बेस ऐकायचा असतो असा माझा समज होता.

चिकित्सक_पेठकर

टेपवाला, तुमच्या सगळ्या युक्तिवादावर कोफी कुठे बसते? २०२०ला 'रॅप्चर'साठी रेगे अल्बमचं ग्रॅमी, वय १९, तो पुरस्कार मिळवणारी पहिली एकटी गायिका. ती काही कुणाच्या कपाटातल्या टेपवर उभी नाही.

टेपवाला

नाही, आणि तेच बदललंय. स्पॅनिश टाउनची पोरगी, हातात गिटार, गाणं स्वतः लिहिलेलं, करार मोठ्या कंपनीशी, वकिलाच्या साक्षीने. नॅन्सीला १९८२मध्ये यातलं काहीच मिळालं नव्हतं.

नॅन्सीबाईंची पुढची खबर: बँकेची नोकरी सोडली, साठी ओलांडली तरी दौरे करतात. एखादा चालू कार्यक्रम सापडला तर बघा. 'बॅम बॅम' सुरू करायच्या आधी त्या नुसता 'स्टॅलॅग' वाजू देतात आणि गर्दी ओरडायला लागेपर्यंत माइक तोंडाशी नेत नाहीत.

गुहागरी

लिंक द्या राव. बुवांना दाखवतो.